दप्तर कोणाचे?

'दप्तर' हा शब्द आपल्या घरांत आता शाळेच्या पिशवीपुरता उरला आहे, आणि ती पिशवीही मुले 'बॅग' म्हणूनच ओळखतात. पण आपल्या पणजोबांच्या काळी खानदेशातल्या कोणत्याही खेड्यात दप्तर म्हटले की कुलकर्ण्याच्या घरचे रुमालात गुंडाळलेले कागद डोळ्यांपुढे येत. कोणाची जमीन किती, सारा किती, थकबाकी किती, कोणाच्या विहिरीत कोणाचा वाटा, हे सारे त्या रुमालात असे. गावाचे नशीबच त्यात बांधलेले असे म्हणा ना! आणि ती गाठ सोडण्याचा अधिकार गावात एकदोघांनाच असे.

स्मरणिकेसाठी खानदेशच्या इतिहासावर काही लिहावे, अशी सूचना आली तेव्हा थाळनेरच्या फारुकी सुलतानांवर लिहावे की आसोद्याच्या बहिणाबाईंवर, असा विचार प्रथम मनात आला. पण त्यांच्यावर पुष्कळांनी लिहिले आहे आणि माझ्यापेक्षा चांगले लिहिले आहे. दप्तरावर मात्र कोणी लिहीत नाही. राजे गेले, सुभेदार गेले, कलेक्टरसाहेब गेले, दप्तर राहिले. ते कोणी लिहिले, कोणाला वाचता आले, आणि त्यात आम्हां बायकांचे नाव केव्हा आले, हाही इतिहासच आहे, आणि तो अजून संपलेला नाही.

१८१८ साली पेशवाई बुडाली आणि खानदेश कंपनी सरकारच्या ताब्यात आला. कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने धुळे हे जिल्ह्याचे ठाणे केले. त्या वेळचा खानदेश म्हणजे दुष्काळाने आणि पेंढाऱ्यांच्या धामधुमीने उजाड झालेला मुलूख. सरकारला सारा हवा होता. सारा हवा तर जमीन मोजली पाहिजे आणि तिची प्रत ठरवली पाहिजे. त्याप्रमाणे मुंबई इलाख्यात ठिकठिकाणी शंकुसाखळी घेऊन मोजणीदार फिरू लागले. प्रत्येक शेताला नंबर, प्रत्येक नंबराला आकार, आणि तो आकार तीस वर्षे कायम, अशी ती पद्धत होती. तिची आखणी करणाऱ्यांत कॅप्टन विंगेट याचे नाव मोठे आहे.

ही साखळी १८५२ साली आपल्या तापीकाठच्या सावदा-फैजपूर भागात आली, तेव्हा लोक खवळले. सारा वाढणार, जमीन जाणार, अशी धास्ती गावोगाव पसरली. हजारोंचा जमाव जमला आणि मोजणी बंद करा, असे साहेबांना तोंडावर सांगण्यात आले. एरंडोलकडेही तीच गत झाली. मॅन्सफील्ड नावाचा कलेक्टर होता. त्याने फौज आणली, पुढाऱ्यांना पकडले आणि दंगा मोडून काढला. त्यानंतर मोजणी पुढे चालू झाली आणि पुरीही झाली.

इंग्रजी कागदांत या प्रकाराला 'सर्व्हेचे दंगे' असे नाव आहे. वाचणाराला वाटावे की अडाणी लोक उगाच भडकले. मला तसे वाटत नाही. मोजणी मुळात वाईट नव्हती. पूर्वीच्या अंदाजपंचे साऱ्यापेक्षा ठरीव आकार रयतेला पुष्कळदा बराच ठरला. पण हे लोकांना विचारून, समजावून कोणी सांगितले नव्हते. ज्याच्या शेतात साखळी पडत होती त्यालाच ती कशासाठी पडते हे ठाऊक नव्हते. दप्तर त्याच्याविषयी लिहिले जात होते; त्याच्याशी बोलून नव्हे. एवढा एक फरक मनात ठेवून पुढचे वाचावे, अशी माझी विनंती आहे.

दप्तर वाचण्याच्या हक्काची दुसरी गोष्ट धुळ्याची आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी सारे आयुष्य जुनी दप्तरे शोधण्यात घालवले. कोणाच्या माळ्यावर, कोणाच्या देव्हाऱ्यामागे, कोठे बोहाऱ्याकडे रद्दीत जाण्याच्या बेतात असलेले रुमाल त्यांनी पायी हिंडून मिळवले आणि 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या नावाने बावीस खंड छापले. पहिला खंड १८९८ चा. त्या काळी पेशव्यांचे प्रचंड दप्तर पुण्यात सरकारी कुलपात पडलेले होते आणि आपल्याच लोकांना ते मोकळेपणाने पाहता येत नव्हते. आपल्या आजोबांची पत्रे, पण वाचायला परवानगी साहेबाची! राजवाड्यांनी मग लोकांच्या घरातूनच लोकांचा इतिहास गोळा केला. ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच त्यांचा अंत झाला. त्यांच्या कागदांची हेळसांड होऊ नये म्हणून लगेच १९२७ च्या जानेवारीत धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झाले. पुण्याच्या त्या दप्तरातले निवडक कागद गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात पंचेचाळीस भागांत प्रसिद्ध केले तेव्हा कुठे ते कुलूप किलकिले झाले. धुळ्याला जाणाऱ्या आपल्यापैकी किती जणी राजवाडे मंडळात डोकावतात? आग्रा रोडवरची खरेदी मात्र चुकत नाही. असो.

ज्या फैजपूरला १८५२ मध्ये लोकांनी साखळी अडवली, त्याच फैजपूरला चौऱ्याऐंशी वर्षांनी, १९३६ च्या डिसेंबरात, काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन. धनाजी नाना चौधरी यांच्यासारख्या स्थानिक मंडळींनी ते अंगावर घेतले, नंदलाल बसूंनी बांबू-तट्ट्यांनी नगर सजवले, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू होते, गांधीजी आले होते. हा थाट आपण शाळेत ऐकलेला आहे. पण त्या अधिवेशनात शेतकऱ्यांविषयी जो कार्यक्रम मंजूर झाला, त्यात सारा आणि खंड कमी करण्याची, कर्जाच्या बोज्यातून सुटकेची मागणी होती, हे फारसे सांगितले जात नाही. पूर्वी तंबूपुढे जमून ओरडावे लागले. आता तीच गाऱ्हाणी ठरावाच्या भाषेत आली. हा बदल मी फार मोठा मानते.

स्वातंत्र्यानंतरचा भाग थोडक्यात सांगते. पूर्व व पश्चिम खानदेश हे १९०६ साली पाडलेले दोन जिल्हे पुढे जळगाव आणि धुळे झाले. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याने ग्रामसभा आली, १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा आल्या. कागदावर सारे गाव कारभारात आले. प्रत्यक्षात बाई मात्र ओट्यावरून, पदराआडून सभा ऐकत होती.

आता मी ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे येते. ती विटनेरची. विटनेर हे आपल्याच जळगाव जिल्ह्यातले गाव. १९८६ च्या नोव्हेंबरात नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला शेतकरी संघटनेने स्त्रियांचे मोठे अधिवेशन भरवले. लाखाच्या हिशेबात बायका आल्या होत्या. तिथून ज्या चळवळी निघाल्या त्यांत दोन महत्त्वाच्या होत्या: एक, पंचायती बायकांनी लढवाव्यात; दुसरी, जमिनीत बायकांचे नाव लागावे. विटनेरने दोन्ही करून दाखवले. १९८९ च्या सुमारास तिथे सगळ्याच्या सगळ्या जागांवर स्त्रिया निवडून आल्या. आरक्षण होते म्हणून नव्हे. महाराष्ट्रात तीस टक्के जागा १९९० मध्ये राखीव झाल्या, देशात एक तृतीयांश जागांची तरतूद १९९३ मध्ये अमलात आली आणि आपल्या राज्यात निम्म्या जागा २०११ साली झाल्या. विटनेर या सर्वांच्या आधीचे.

दुसरी चळवळ 'लक्ष्मीमुक्ती' या नावाने प्रसिद्ध आहे. शरद जोशी गावोगाव शेतकऱ्यांना म्हणत की, घरच्या लक्ष्मीचे ऋण तुमच्या डोक्यावर आहे, ते फेडा. ज्या गावात शंभर नवरे आपखुशीने काही जमीन बायकोच्या नावे करतील ते लक्ष्मीमुक्तीचे गाव. विटनेरमध्ये शंभरावर बायकांच्या नावे जमीन झाली. थोडा विचार करा. दीडशे वर्षांपूर्वी साखळीने मोजून, नंबर देऊन जे दप्तर तयार झाले, त्यात एका गावात एकदम शंभर बायकांची नावे चढली. पुढे १९९२ मध्ये सरकारनेही पतीच्या अर्जावरून सातबारावर पत्नीचे नाव सहहिस्सेदार म्हणून लावण्याची सोय केली आणि योजनेला नाव दिले तेच, लक्ष्मीमुक्ती. म्हणजे सरकारने गावाचे पाहून घेतले. आपल्याकडे बहुधा उलटे होते.

यावर कोणी म्हणेल, नाव लागून काय झाले? कसायचे तर दोघांनीच! हे मी पुष्कळदा ऐकले आहे, आणि म्हणणाऱ्याचे नाव बहुधा सातबारावर असते. कर्ज काढताना, विहिरीचे अनुदान घेताना, शेत विकताना सही कोणाची, तर ज्याचे नाव त्याची. नवरा गेल्यावर ज्या बाईला वारसनोंदीसाठी चावडीच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात तिला जाऊन विचारावे.

दप्तर वाचण्याचा कायदेशीर हक्क सर्वांना मिळायला एकविसावे शतक उजाडावे लागले. महाराष्ट्राने २००० साली एक लंगडा कायदा केला, २००२ मध्ये बरा केला. पण त्याला मंजुरी मिळून तो अमलात यावा म्हणून २००३ च्या ऑगस्टमध्ये अण्णा हजाऱ्यांना उपोषण करावे लागले. सबंध देशाचा माहितीचा अधिकार १२ ऑक्टोबर २००५ पासून लागू झाला. साधा अर्ज, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, आणि तीस दिवसांत उत्तर. माहिती कशाला हवी हे सांगावे लागत नाही. नकला घेता येतात. एवढेच नव्हे, तर कचेरीत जाऊन मूळ कागद समोर मांडून पाहण्याचाही हक्क त्यात आहे. रुमालाची गाठ आता कोणालाही सोडता येते. राजवाडे असते तर पहिल्याच दिवशी शंभर अर्ज करते!

गाठ न सोडल्यास काय होते याचे उदाहरण जळगाव शहरानेच दिले आहे. १९९० नंतरच्या दशकात पालिकेने गरिबांसाठी सुमारे अकरा हजार घरकुले बांधायची योजना आखली. ठराव झाले, कर्जे निघाली, ठेका दिला गेला, आणि पुष्कळ घरे उभीच राहिली नाहीत. हे सारे ठराव कागदावर होते. सभा भरत होत्या. २००६ साली आयुक्तांनी फिर्याद दिली, आणि ३१ ऑगस्ट २०१९ रोजी धुळ्याच्या विशेष न्यायालयाने अठ्ठेचाळीस जणांना दोषी ठरवले. त्यावरची अपिले पुढे वरच्या न्यायालयात गेली. तो निवाडा करणे माझे काम नाही. मला एवढेच दिसते की सतरा मजली इमारत आम्ही पाहुण्यांना कौतुकाने दाखवत होतो, तेव्हा वरच्या मजल्यावर काय ठराव होतात हे वाचायला आमच्यापैकी कोणी गेले नाही. शहरातही ग्रामसभेसारखी क्षेत्रसभा असावी अशी तरतूद २००९ च्या सुमारास महापालिकांच्या कायद्यात आली आहे. आपल्यापैकी कोणी अशी सभा पाहिली आहे काय?

आता दप्तर रुमालातून निघून मोबाईलमध्ये आले. संगणकावरचा, अधिकाऱ्याच्या डिजिटल सहीचा सातबारा १ मे २०१८ पासून मिळू लागला. पंधरा रुपयांत घरबसल्या उतारा. २०१५ च्या सेवा हक्क कायद्याने दाखले किती दिवसांत द्यायचे याची मुदत ठरली आणि चुकणाऱ्या अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंडाची तरतूद झाली. पण मला सर्वांत नवलाची वाटते ती १५ ऑगस्ट २०२१ ची ई-पीक पाहणी. सातबाऱ्याचा 'बारा' म्हणजे पिकांची नोंद. ती पूर्वी तलाठी लिहीत असे, आणि पुष्कळदा बांधावर न जाताच लिहीत असे. केळी लावलेल्या शेतात कागदावर ज्वारी डोलत असे! आता शेतकऱ्याने स्वतः शेतात उभे राहून पिकाचा फोटो काढायचा आणि नोंद करायची. काही नोंदी तलाठी तपासतो, राहिलेल्या नोंदी नेमलेले सहायक करतात. सावदा-रावेरच्या केळीवाल्याला विम्यासाठी आणि वादळाच्या नुकसानभरपाईसाठी ही नोंद किती मोलाची आहे, हे सांगायला नको. ज्या सावद्याला साखळी पाहून लोक धावून गेले तिथला शेतकरी आज आपल्या शेताविषयी सरकारच्या दप्तरात आपल्या हाताने लिहितो आहे. याला पावणेदोनशे वर्षे लागली.

मात्र या नवीन दप्तराच्याही गाठी आहेत. खातेदार असेल त्याच्या नावावर नोंद होते. पेरणी, निंदणी, वेचणी बाईची. पण खाते तिचे नसेल तर फोटोतल्या पिकाचा मालक दुसराच. शिवाय रेंज नसते, फोन मुलाकडे असतो, ओटीपी कोणाच्या फोनवर गेला हे कळत नाही. जुन्या धुळे जिल्ह्यातल्या, हल्लीच्या नंदुरबारातल्या टेंभली गावात २९ सप्टेंबर २०१० रोजी पंतप्रधानांच्या उपस्थितीत देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले. मान मोठा, आदिवासी बायांची छायाचित्रे देशभर छापून आली. नंबर पहिला मिळाला म्हणून लाभही पहिला मिळाला असे मात्र झाले नाही, अशी तक्रार त्या गावाने पुढे वर्तमानपत्रांतून केलीच. २०२४ साली 'लाडकी बहीण' आली आणि पुढच्या वर्षी तिच्यासाठी ई-केवायसी आली, तेव्हा आपल्याच गल्लीत कितीजणी सेतू केंद्रापुढे उन्हात ताटकळल्या! हप्ता का थांबला, हे विचारायचे कोणाला, याचे उत्तर केंद्रातल्या मुलाजवळही नव्हते. १८५२ च्या मोजणीदारांपाशीही नव्हते.

म्हणून या लेखात मी ज्या कागदाकडे भगिनींचे लक्ष वेधू इच्छिते तो योजनेचा नसून फेरफाराचा आहे. जमिनीचा कोणताही बदल (खरेदी, वारस, वाटणी, हक्कसोड) आधी फेरफाराच्या नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना सहामध्ये चढतो. १९६६ च्या जमीन महसूल कायद्याप्रमाणे तलाठ्याने त्याची नोटीस चावडीवर लावायची, संबंधितांना कळवायचे, आणि हरकतीसाठी पंधरा दिवस थांबायचे. 'आम्हाला विचारा' हे सावदेकरांचे म्हणणे कायद्यात कोठे उतरले असेल तर ते या पंधरा दिवसांत. पूर्वी ती नोटीस चावडीच्या फळ्यावर लागे, आणि चावडीवर बाई कशाला जाईल? हल्ली याच नोटिसा 'आपली चावडी' या सरकारी संकेतस्थळावर गाव निवडून कोणालाही पाहता येतात. सासरी सुरतेला वा पुण्याला बसलेल्या लेकीलाही माहेरच्या शिवारात काय चालले आहे, ते दिसते.

लेकीचे नाव घेतले ते मुद्दाम. महाराष्ट्राने १९९४ मध्ये, आणि देशाने ९ सप्टेंबर २००५ पासून, मुलीला वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतकाच वाटा दिला. ११ ऑगस्ट २०२० च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने त्याबाबतची उरलीसुरली शंकाही काढून टाकली. आणि आपल्याकडे होते काय? आखाजीला लेक माहेरी येते. निंबाच्या झाडाला झोका बांधलेला असतो, सांजोऱ्या तळलेल्या असतात, भाऊ लुगडे घेतो. मग एके दिवशी तालुक्याला जाऊन यायचे असते, 'एक सही आहे, आक्का.' ती हक्कसोड असते. बहीण समजून, राजीखुशीने हक्क सोडत असेल तर तिचा तिला अधिकार आहे. भावाचे घर उभे राहावे असे कोणत्या बहिणीला वाटत नाही? मी त्याविरुद्ध नाही. पण कागद वाचून दाखवला का, किती एकर, कोणता गट, हे सांगितले का? बऱ्याच जणींना पुढे कधीतरी उतारा काढल्यावर आपले नाव गेल्याचे कळते.

विटनेरच्या बायकांनी एकेकटीने हे केले नाही. त्या मिळून बसल्या, मिळून निवडून आल्या, नवऱ्यांना मिळून समजावले. आपल्या मंडळाच्या मंगळवारच्या बैठकीत भजन, हळदीकुंकू आणि भिशी यांच्या जोडीला महिन्यातून एकदा प्रत्येकीने आपला आठ-अ आणि सातबारा आणून वाचावा, अशी माझी सूचना आहे. वाचता येत नसेल तिला शेजारणीने वाचून दाखवावा. बहिणाबाईंना तरी कुठे अक्षर येत होते? त्यांच्या मुखातले शब्द सोपानदेवांनी आणि घरच्यांनी टिपून ठेवले म्हणून १९५२ साली ते पुस्तकरूपाने निघाले, आणि आज आपले विद्यापीठ त्यांच्या नावाने ओळखले जाते.

आणखी एक. ज्यांची घरे अजून खेड्यात आहेत त्यांच्यासाठी. ग्रामसभेच्या आधी फक्त स्त्रियांची सभा घेतली पाहिजे, असे कायदा सांगतो. ग्रामसभेला गावच्या मतदारांपैकी पंधरा टक्के किंवा शंभर, यांतले जे कमी असेल तेवढे लोक हजर असावे लागतात; नसतील तर सभा तहकूब होते, आणि तहकुबीनंतरच्या सभेला ही अट उरत नाही. चारदोन माणसांत ठराव कसे 'सर्वानुमते' होतात, याचे रहस्य यात आहे. महिला सभेचेही पुष्कळ ठिकाणी असेच होते: अंगणवाडीताई घरोघर वही फिरवतात, आपण उंबऱ्यात उभ्या राहून सही करतो, आणि आपण सभेला हजर होतो! पुढच्या वेळी ती वही दारात येईल तेव्हा सहीच्या वरचे पान उघडून कोणता ठराव लिहिला आहे ते पाहावे. पान कोरे असेल तर सही करू नये. वही निघून गेली असेल, तर दहा रुपयांच्या स्टँपावर तिची नक्कल मागता येते.